होकार येईपर्यंत

म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वरकडे निघालं की दुतर्फा पाट्या सुरू होतात. फोटो स्टुडिओ, सीएचं ऑफिस, पॅथॉलॉजी लॅब, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं झेरॉक्सचं दुकान, कोचिंग क्लास. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ साली नागपूर महापालिकेत आलं. त्याआधी इथे ग्रामपंचायत होती. शेतांमध्ये लेआउट पडले, लेआउटमध्ये घरं उभी राहिली आणि घरांच्या तळमजल्यांवर ही दुकानं आली. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी कोपऱ्यात, बहुधा इन्व्हर्टरच्या शेजारी, एक काळी पेटी असते. आत दोन किंवा चार हार्ड डिस्क, मागून निघालेली नेटवर्कची वायर. दुकानातल्या प्रत्येक संगणकाला ती पेटी स्वतःचीच एखादी डिस्क वाटते. बाजारात तिला ‘नॅस’ म्हणतात.

ऐन लग्नसराईतला एखादा स्टुडिओ घेऊ. कालच्या लग्नाचं फोर-के चित्रीकरण पेटीवर टाकायचं आहे. एकच फाइल, ४० जीबीची. ती सहा मिनिटांत जाते. मग अल्बमच्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या छोट्या प्रतिमांचं फोल्डर टाकायचं: ४० हजार फाइली, प्रत्येकी २० केबीच्या आसपास, सगळ्या मिळून जेमतेम ८०० एमबी. माल पन्नासपट कमी. पण दहा मिनिटं होत आली तरी पडद्यावरची हिरवी पट्टी संपत नाही. एडिटिंगला बसलेला पोरगा वायर हलवून बघतो, स्विच बंद-चालू करतो आणि शेवटी इंटरनेटवाल्याच्या नावाने बोटं मोडतो. त्या बिचाऱ्याचा इथे काडीचाही संबंध नाही. माल दुकानाबाहेर गेलेलाच नाही.

हिशेब मांडून पाहावा. गिगाबिट वायर सेकंदाला १ अब्ज बिट वाहते, म्हणजे १२५ एमबी. प्रत्येक पुडक्यावर लागणारा पत्ता आणि इतर नोंदी वजा केल्या की ११० एमबीच्या आसपास हाती लागतात. ४० जीबीला सहा मिनिटं: चोख बसलं. त्याच दराने ८०० एमबीला सात-आठ सेकंद पुरायला हवेत. ते बसत नाही, कारण त्या दहा मिनिटांतला बहुतेक वेळ वायर रिकामीच असते.

फाइल लहान असो की मोठी, तिच्या नावाने काही प्रश्नोत्तरं ठरलेली असतात. या नावाची फाइल आहे का? नसेल तर तयार कर. उघड. हा मजकूर घे. तारीख-वेळ लाव. बंद कर. एक प्रश्न जातो, त्याचं उत्तर येतं, मगच पुढचा प्रश्न निघतो. एका खोलीतली अशी एक फेरी मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात होते असं धरलं आणि सहा फेऱ्या झाल्या, तर फाइलमागे दोन मिलिसेकंद गेले. त्यानंतर डिस्कची पाळी. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद, आणि हेड योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ. एकूण पंधरा मिलिसेकंद. डोळ्याची पापणीही इतक्या लवकर लवत नाही. पण ४० हजारांनी गुणलं की बरोबर दहा मिनिटं होतात.

वेग एमबीत मोजायची सवय इथे दगा देते. मोजायच्या असतात त्या फेऱ्या आणि त्यातही होकाराची वाट पाहण्यात गेलेला वेळ. नेटवर्कवरच्या फाइलींचा चाळीस वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी ही वाट कशी टाळावी याचा इतिहास आहे, आणि ती टाळताना खोटं किती बोलावं याचाही.

दूरची डिस्क जवळची भासवण्याची युक्ती कॅलिफोर्नियातल्या सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४-८५मध्ये बांधेसूद केली. नेटवर्क फाइल सिस्टिम, थोडक्यात एनएफएस. रसेल सँडबर्ग आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी १९८५च्या उन्हाळी युसनिक्स परिषदेत तिच्यावरचा निबंध मांडला. विंडोजवाल्यांची एसएमबी ही वेगळ्या घराण्यातली. ती आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉमने त्याच दशकात सुरू केली. हुडकेश्वरच्या दुकानांत विंडोज, म्हणून तिथे एसएमबी. विद्यापीठं आणि संशोधनसंस्थांत लिनक्स, म्हणून तिथे एनएफएस. दोघींची दुखणी मात्र एकच.

सनच्या मंडळींनी एक धाडसी निर्णय घेतला होता: सर्व्हरने ग्राहकांबद्दल काहीही लक्षात ठेवायचं नाही. कोणी कुठली फाइल उघडली, कुठवर वाचली, याची वही नाही. प्रत्येक मागणी स्वतःपुरती पूर्ण असायची: अमुक फाइल, अमुक ठिकाणापासून, इतके बाइट. फायदा असा की सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा उठला तरी बिघडत नसे. ग्राहक-संगणक तीच मागणी पुन्हा पुन्हा पाठवत राहायचा. पडद्यावर सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे अशा अर्थाची ओळ यायची आणि सर्व्हर जागा झाला की काम तिथूनच पुढे. त्या काळात यंत्रं वरचेवर बसत, तेव्हा हे मोठंच सुख होतं.

वाचताना याचा काही त्रास नव्हता. लिहिताना होता. सर्व्हरने ‘लिहिलं’ असं कळवलं की ग्राहक आपल्याकडची प्रत पुसून टाकतो. तो मजकूर सर्व्हरच्या नुसत्या मेमरीत असेल आणि त्याच क्षणी वीज गेली, तर तो जगात कुठेच उरत नाही, आणि वही नसल्यामुळे काही हरवलं हे कोणाला कळतही नाही. म्हणून एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत (पहिली सनच्या घरातच राहिली) सक्त नियम होता: मजकूर डिस्कवर खरोखर उतरल्याशिवाय होकार द्यायचा नाही. एका वेळी फार तर आठ केबी लिहिता येत. पण त्या आठ केबीसाठी मजकुराचा ठोकळा, तो कुठे ठेवला याची नोंद आणि फाइलचा आकार-वेळ यांची नोंद, अशी तीन ठिकाणी डिस्कवर लेखणी टेकवावी लागे. त्या वेळच्या ३,६०० आरपीएम डिस्कचा फेरा १६.७ मिलिसेकंदांचा. प्रत्येक नोंदीला एकच फेरा धरला तरी आठ केबीला पन्नास मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १६० केबीच्या आसपास. इथरनेटची वायर मात्र तेव्हाही सेकंदाला साडेबारा लाख बाइट न्यायला तयार होती. सात-अष्टमांश वायर रिकामी.

हा जाच चुकवायला जे उपाय निघाले ते मोठे वाचनीय आहेत. लेगॅटो नावाच्या कंपनीने बॅटरी लावलेल्या मेमरीचं एक कार्ड काढलं, प्रेस्टोसर्व्ह. मजकूर त्या कार्डावर आला की सर्व्हर होकार देई. वीज गेली तरी बॅटरी त्याला जपे, आणि डिस्कवर तो सवडीने उतरे. नियमाचा शब्दही पाळला, वेळही वाचला. १९९२मध्ये निघालेल्या नेटॅपने तर याच कल्पनेवर आख्खी कंपनी उभी केली. त्यांच्या यंत्रात बॅटरीच्या मेमरीत आलेल्या मागण्यांची टाचणवही राहायची आणि दर दहा सेकंदांच्या आत डिस्कवर सगळा हिशेब एकदम मांडला जायचा, मोकळ्या जागेत सलग. डिजिटल इक्विपमेंटच्या अभियंत्यांनी वेगळा मार्ग धरला: एकाच फाइलची दोन-चार लेखनं लागोपाठ येतायत असं दिसलं की सर्व्हरने क्षणभर थांबायचं, सगळी गोळा करून डिस्कवर एकदाच उतरवायची आणि मग सगळ्यांना मिळून होकार द्यायचा. थांबल्यामुळे काम लवकर होतं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण आकडे तेच सांगतात.

आणि मुळात इतकी घाई कशाची? १९८५मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, जॉन ऑस्टरहाउट आणि सहकाऱ्यांनी युनिक्सवर माणसं फाइलींचं काय करतात याची बारकाईने नोंद घेतली. नव्याने लिहिलेल्या मजकुरापैकी वीस ते तीस टक्के अर्ध्या मिनिटात पुसला किंवा बदलला जातो, जवळपास निम्मा पाच मिनिटांत. तात्पुरत्या फाइली, पुन्हा पुन्हा सेव्ह केलेलं तेच पान. थोडं थांबलं तर त्यातला बराचसा मजकूर डिस्कपर्यंत न्यायचं कारणच उरत नाही.

जून १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीने हे शहाणपण नियमात बसवलं. ग्राहक आता म्हणू शकतो: हा मजकूर घे, डिस्कवर आत्ता नको, मेमरीत ठेव. सर्व्हर तत्काळ होकार देतो. पण हा होकार कच्चा आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून ग्राहक आपली प्रत पुसत नाही. शंभर-दोनशे ठोकळे असे भराभर गेले की ग्राहक एकदाच सांगतो, आता सगळं पक्कं कर. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा पाठवतो आणि सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला की तो आकडा बदलतो. पक्कं झाल्याचं उत्तर वेगळ्या आकड्याने आलं, की ग्राहक समजतो, मध्ये काहीतरी झालं, आणि सगळे ठोकळे पुन्हा पाठवतो. वेग आणि खरेपणा यांची इतकी स्वच्छ तडजोड संगणकशास्त्रात फार ठिकाणी दिसत नाही.

विदर्भात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, घरोघरी कूलर सुरू असतात, डीपीवर भार येतो. मग संध्याकाळी वादळ सुटतं, एखादी फांदी तारेवर पडते आणि लाइन जाते. इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या त्या क्षणी काही यंत्रं तग धरत नाहीत. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरमध्ये ‘असिंक’ नावाचा एक पर्याय असतो. तो लावला की सर्व्हर सरसकट कच्च्याला पक्कं म्हणू लागतो: मजकूर मेमरीत, होकार मात्र डिस्कवर उतरल्याचा. वेग कित्येक पट वाढतो. लहान फाइलींचं ते दहा मिनिटांचं फोल्डर अशा सर्व्हरवर दोन मिनिटांच्या आत जाऊ शकतं. जुन्या लिनक्सवर हाच मूळ पायंडा होता; पुढे शहाणपण येऊन ‘सिंक’ हा नेहमीचा नियम झाला. वेग वाढवण्याचे सल्ले देणारे आजही हा पर्याय सगळ्यांत आधी सांगतात आणि त्याची किंमत सगळ्यांत शेवटी. पेटीला चांगला यूपीएस असेल आणि मूळ मेमरी कार्ड अजून पुसलेलं नसेल, तर एक वेळ हरकत नाही. अंतरपाटाच्या क्षणाची जगातली एकमेव प्रत जिथे जाणार, तिथे तो लावू नये.

उशिरा लिहिण्याची आणखी एक खोड फारशी कोणी सांगत नाही. ग्राहक-संगणक स्वतःही मजकूर आपल्या मेमरीत साठवून मागाहून पाठवतो. त्यामुळे पेटी भरली आहे हे लिहिण्याच्या क्षणी कळत नाही. कळतं ते फाइल बंद करताना. आणि फाइल बंद करताना काय उत्तर आलं हे न तपासणारे प्रोग्रॅम कमी नाहीत. त्यांच्या लेखी काम झालेलं असतं.

वाचनाची गोष्ट निराळी. लिहिताना वचन द्यावं लागतं. वाचताना अंदाज बांधून चालतं. ग्राहकाने फाइलचा पहिला, दुसरा, तिसरा तुकडा मागितला की लिनक्स चौथा-पाचवा न मागताच आणून ठेवतो. एकदा आणलेला मजकूर मेमरीत राहतो आणि पुढच्या वेळी वायरला हातही लावावा लागत नाही. व्हिडिओ पुढे-पुढे पाहणाऱ्याला यामुळे पेटी दूर आहे हे जाणवत नाही. तोच माणूस टाइमलाइनवर उड्या मारत कापाकापी करू लागला की आगाऊ आणलेला माल वाया जातो आणि प्रत्येक उडीला डिस्कचे ते बारा-तेरा मिलिसेकंद मोजावे लागतात. म्हणून मुरलेले एडिटर चालू काम स्वतःच्या एसएसडीवर ठेवतात आणि पेटी फक्त साठ्यासाठी वापरतात. त्यात पेटीचा कमीपणा नाही.

अंदाजाची किंमत वेगळ्या नाण्यात चुकवावी लागते: शिळेपणात. एका टेबलावरच्या संगणकाने मेमरीत ठेवलेली प्रत, दुसऱ्या टेबलावरच्याने बदललेली मूळ फाइल. एनएफएसचा तोडगा व्यावहारिक आहे. फाइल उघडताना सर्व्हरला विचारायचं की ही बदलली का, आणि बंद करताना आपले बदल पोचवायचे. मधल्या काळाची हमी नाही. फाइलचा आकार, तारीख यांसारखी माहिती लिनक्स तीन सेकंदांपासून साठ सेकंदांपर्यंत जुनीच खरी मानतो, फोल्डरची तीस ते साठ सेकंद. शेजारच्या टेबलावरून टाकलेली फाइल आपल्याला अर्ध्या मिनिटाने दिसते ती यामुळे. हे आकडे शून्यावर आणता येतात. मग प्रत्येक नजरेला एक फेरी पडते आणि सगळंच रखडतं.

दर वेळी विचारत बसण्यापेक्षा सर्व्हरनेच कळवावं, ही कल्पना कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अँड्र्यू फाइल सिस्टिममध्ये आली. महादेव सत्यनारायणन हे त्या कामातलं आघाडीचं नाव. ग्राहक आख्खी फाइल घरी नेतो, सर्व्हर वहीत नोंद ठेवतो आणि दुसऱ्या कोणी ती बदलली तर पहिल्याला निरोप धाडतो. म्हणजे सनने नाकारलेली वही इथे परत आली. अखेर २०००च्या दशकातल्या चौथ्या आवृत्तीत एनएफएसनेही ती स्वीकारली: फाइलला दुसरा कोणी गिऱ्हाईक नसेल तर सर्व्हर ती तात्पुरती एकाच ग्राहकाच्या ताब्यात देतो आणि दुसरा आला की परत मागवतो.

फेऱ्यांचं खरं रूप दिसतं ते अंतर वाढल्यावर. कंपनीचं हेड ऑफिस मुंबईत, शाखा नागपुरात, सामायिक फोल्डर मुंबईच्या सर्व्हरवर. ही मांडणी घरोघरची आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. या दोन शहरांना जोडणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तेवढीच सरळ फायबर धरली तर जाऊन-येऊन सात मिलिसेकंद. याहून कमी होणं भौतिकशास्त्राला मान्य नाही, मग महिन्याचा प्लॅन कितीही महाग घ्या. प्रत्यक्षात वळसे आणि मधली यंत्रं धरून वीस मिलिसेकंद लागले, तर त्याच ४० हजार फाइली, सहा-सहा फेऱ्या: नुसती वाट पाहण्यात ८० मिनिटं. सगळ्या फाइलींची एक झिप करून पाठवली तर त्याच वायरवर मिनिटाभराचं काम. झिप नको असेल तर अनेक फाइली एकाच वेळी पाठवाव्यात. विंडोजमधल्या रोबोकॉपीला तसं सांगितलं की ती एरवी आठ धाग्यांनी काम करते. एकाची वाट पाहताना बाकी सात कामाला असतात.

एसएमबीची पहिली आवृत्ती या बाबतीत अतिशय बडबडी होती, शंभराहून अधिक प्रकारच्या आज्ञा. २००६मध्ये व्हिस्टासोबत आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकोणिसावर आल्या आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या मागण्या धाडायची सोय झाली. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीनेही अनेक प्रश्न एका पाकिटात घालायची मुभा दिली. तिचा फायदा अपेक्षेइतका झाला नाही, कारण प्रोग्रॅम लिहिणारेच अजून आधी उघड, मग लिही, मग बंद कर असं एकेक करून सांगतात. पाकीट मोठं असून उपयोग काय, घालणारा एकच चिठ्ठी घालत असेल तर.

नागपुरातच व्हीएनआयटीच्या परिसरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, १९८८पासून. उपग्रहांच्या प्रतिमांवरून जमीन, पाणी, पिकं, गावांच्या हद्दी यांचे नकाशे करणं हे त्याचं काम. अशा कामात वाचनाचा वेग फाइल कशी मांडली आहे यावर किती अवलंबून असतो, ते एका उदाहरणाने कळेल. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची एक प्रतिमा १०,९८० ओळींची, प्रत्येक ओळीत १०,९८० ठिपके, एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. ठिपक्याला दोन बाइट धरले तर एका रंगपट्ट्याची फाइल २४१ एमबीची होते. त्यातून हुडकेश्वर आणि आसपासचा पाच किलोमीटरचा चौकोन काढायचा: ५०० ओळी, ५०० ठिपके, जेमतेम अर्धा एमबी. प्रतिमा ओळीमागे ओळ अशी साठवलेली असेल तर हे अर्धा एमबी ११ एमबीच्या पसाऱ्यात ५०० ठिकाणी विखुरलेले असतात. पाचशे बारीक वाचनं, नाहीतर सगळा पसारा उचला. तीच प्रतिमा ५१२ ठिपक्यांच्या चौकोनी फरश्यांत साठवली तर हुडकेश्वर फार तर चार फरश्यांत बसतं. चार वाचनं, काम संपलं. टिफ फाइलींमध्ये फरश्यांची ही सोय १९९२पासून आहे. नवा सर्व्हर घ्यायच्या आधी फाइली फरश्यांत बदलून पाहणारे लोक मात्र विरळाच.

शहराच्या कॅमेऱ्यांचं याच्या अगदी उलट. २०१६मध्ये नागपूरच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाचं काम लार्सन अँड टुब्रोला मिळालं तेव्हा करारात ३,८०० कॅमेरे आणि १,२०० किलोमीटर फायबर होती. कॅमेऱ्यामागे सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर सगळे मिळून सेकंदाला ९५० एमबी, दिवसाला ८२ टीबी, महिन्याला अडीच पीबी. आणि हे जवळजवळ सगळं लेखन. एखादी चोरी किंवा अपघात झाला तरच कोणीतरी त्यातला दहा मिनिटांचा तुकडा वाचतो. प्रत्येक कॅमेऱ्याची धार सलग असते. पण हजारो सलग धारा एकाच डिस्कवर आल्या की डिस्कच्या दृष्टीने ती निव्वळ उड्यांची रांग होते: थोडं या चौकाचं, थोडं त्या. म्हणून अशा प्रणाल्या प्रत्येक धारेचे काही सेकंद मेमरीत गोळा करून मोठ्या ठोकळ्याने लिहितात. वीज गेली तर ते काही सेकंद जातात. तो सौदा इथे मान्य असतो.

एक सर्व्हर पुरेनासा झाला की पुढची पायरी म्हणजे फाइलच चिरून अनेक सर्व्हरांवर पसरणं. महाराष्ट्रात या कामाची पाळंमुळं पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेत आहेत. १९८८मध्ये ती स्थापन झाली तेव्हा धुरा विजय भटकरांकडे होती, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे, १९६५मध्ये नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, पदवी घेतलेले. १९९१मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक आला. शेकडो प्रोसेसर एकाच गणितावर बसवले की ते निकाल लिहायला एकदम येतात, आणि एकाच डिस्कच्या दारात सगळ्यांची रांग लागते, हे अशा यंत्रांवर पहिल्यांदा उघड दिसतं. त्यातून समांतर फाइल-प्रणाल्या आल्या. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रांवर लस्टर नावाची प्रणाली असते. पीटर ब्रामने १९९९मध्ये कार्नेगी मेलनला तिचं काम सुरू केलं. एक सर्व्हर फक्त नावं आणि पत्ते सांगतो, मजकूर डझनावारी दुसऱ्या सर्व्हरांवर पट्ट्यापट्ट्यांनी राहतो आणि ग्राहक थेट त्यांच्याकडे जातो. २०१०मधल्या एनएफएस ४.१ने हीच मांडणी उचलली.

मोठ्या फाइलींसाठी ही व्यवस्था देखणी चालते. पण संशोधकाने एकाच फोल्डरमध्ये लाखभर बारक्या फाइली टाकल्या की प्रत्येक नावासाठी त्या एकट्या नोंदणी-सर्व्हरकडेच जावं लागतं. मजकुराचे डझनभर सर्व्हर बसून राहतात आणि एक घामाघूम होतो. कोट्यवधींचं यंत्र, दुखणं स्टुडिओतल्या पेटीचंच.

काही ठिकाणी तर शहाणपण न लिहिण्यातच आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. सुधारित यंत्रणेत प्रत्येकीकडून दोन प्रवाह येतात, प्रत्येकात सेकंदाला ८० कोटी नमुने. नमुन्याला एक बाइट धरला तर सेकंदाला ४८ जीबी. स्टुडिओतल्या गिगाबिट वायरी चारशेच्या वर लागतील. ते सगळं लिहून ठेवत नाहीत. थाळ्यांच्या जोड्या लावून गुणाकार तिथल्या तिथे होतात, काही सेकंदांची सरासरी काढली जाते आणि तेवढीच डिस्कवर जाते.

राहिला प्रश्न मोजण्याचा, आणि फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. नवी पेटी घेतल्यावर दोन जीबीची फाइल टाकून वेग पाहायचा, हा सार्वत्रिक प्रकार. संगणकात सोळा जीबी मेमरी असेल तर ती फाइल आधी मेमरीत जाते, आणि दिसलेला आकडा बराचसा मेमरीचा असतो. तीच फाइल लगेच परत वाचली तर ती वायरवरून आलेलीच नसते. गिगाबिट वायरीवर सेकंदाला ४०० एमबी वेग दिसला म्हणून खूश होणाऱ्याने १२५चा आकडा आठवायला हवा. चाचणीची फाइल दोन्हीकडच्या मेमरीहून मोठी हवी. लिहिण्याचं घड्याळ मजकूर डिस्कवर पक्का झाल्याचं उत्तर आल्यावरच थांबवायचं आणि वाचण्याआधी जोडणी काढून पुन्हा जोडायची. त्यानंतर मोठ्या फाइलचा आकडा बाजूला ठेवून वीस केबीच्या हजार फाइली टाकून पाहायच्या आणि सेकंदाला किती एमबी याऐवजी सेकंदाला किती फाइली ते लिहून ठेवायचं. साध्या डिस्कच्या पेटीवर तो आकडा साठ-सत्तर आला तर पेटीत बिघाड नाही. काहीशे आला तर मध्ये एसएसडी तरी आहे, किंवा पक्कं झालं नसताना कोणीतरी होकार देतंय, आणि त्यातलं कोणतं हे पेटीच्या सेटिंगमध्ये शोधावं लागतं.